डेन्मार्कचा वारा वाचणारी माझी भावजय

शेखरचा फोन आला तेव्हा मी रॅफल्स प्लेसच्या ऑफिसात होते. "ताई, येतेस?" एवढंच म्हणाला तो. माझा धाकटा भाऊ मुळातच मोजकं बोलणारा, त्यात गेले काही महिने त्याच्या बोलण्यातून क्रियापदंसुद्धा गळायला लागली होती. हा मात्र पुरा प्रश्न होता, आणि त्यावरूनच मला कळायचं ते कळलं. बॅग उचलून खाली आले, टॅक्सी केली. अर्ध्या वाटेत लक्षात आलं की पायात टेबलाखाली ठेवलेल्या ऑफिसातल्या सपाता तशाच आहेत. हॉस्पिटलात पोहोचले तेव्हा विद्या गेलेली होती. माझी भावजय. पन्नाशीच्या अलीकडची. खिडकीबाहेरच्या रेन ट्रीचं एक पानही हलत नव्हतं. तिने ते नक्की पाहिलं असतं आणि काहीतरी म्हणाली असती... आता पाच-सहा आठवडे होत आले. सिंगापुरातल्या आमच्या मराठी मंडळींत तिला ओळखणारे पुष्कळ आहेत, पण ती नेमकं काय करायची हे फार थोड्यांना ठाऊक होतं. कुणी विचारलं की ती सांगायची, "डेन्मार्कचा वारा बघते." समोरचा हसायचा, विषय तिथेच संपायचा. म्हणून हे लिहायला बसले आहे.

दोन हजार सालानंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांतली गोष्ट. मी तोवर इथे बँकेत चांगली रुळले होते, पीआर, म्हणजे इथली कायमची रहिवासी, झाले होते. शेखरला इथल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरची नोकरी लागली आणि तो विद्याला आणि लहानग्या ईराला घेऊन आला. विद्या पुण्यात हवामानाच्या कचेरीत होती. नकाशांवरून उद्याचा वारा, परवाचा पाऊस सांगायचं तिचं काम, आणि ते सोडून ती आली होती. चांगी विमानतळाच्या दारातून बाहेर पडली, क्षणभर थांबली, आणि नणंदेला पहिलं वाक्य काय म्हणाली असेल? "सुनंदाताई, इथे वाराच नाही हो." मी म्हटलं, "अगं, आधी पाय तर ठेव, मग तक्रारी कर." ती हसली. पण खरं सांगायचं तर नंतरचे पुष्कळ दिवस तिची तक्रार तीच होती, फक्त तिने ती पुन्हा बोलून दाखवली नाही.

बुकित पंजांगला त्यांनी अकराव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. तिथली ती छोटी एलआरटी, उंच पुलावरून धावणारी गाडी, इमारतींच्या अगदी कुशीतून जाते, आणि घरं जवळ आली की लोकांच्या बैठकीत डोकावायला नको म्हणून गाडीच्या काचा आपोआप धूसर होतात. विद्याला याचं फार कौतुक. "आपल्याकडे शेजारी असे असते तर," म्हणायची. शेखर सकाळी ऑफिसला, ईरा किंडरगार्टनमध्ये, आणि ही घरात. नवऱ्याच्या पासवर, म्हणजे त्याच्या नोकरीच्या परवान्यावर, आलेल्या बायकांना नोकरी मिळणं सोपं नव्हतं, आणि वाऱ्याची नोकरी तर बिनवाऱ्याच्या गावात कोण देणार? मी तिला सुचवलं की गणिताच्या शिकवण्या घे, इथे आईबाप शिकवण्यांवर जीव टाकतात. तिने दोन मुलांना काही दिवस शिकवलं आणि बंद केलं. म्हणाली, "ताई, मला जे येतं ते करायचं आहे. दुसरं बरं जमतं म्हणून तेच करत बसले तर एक दिवस हेही विसरेन." तिला काय हवं होतं ते इतकं साधं होतं. घर होतं, माणसं होती, कशाची ददात नव्हती. पण जे शिकण्यात अर्धं आयुष्य गेलं ते कुणाच्या उपयोगी पडावं, एवढी एकच गोष्ट तिला हवी होती आणि तीच मिळत नव्हती.

त्या दिवसांत तिच्या अंदाजाचं एकच गिऱ्हाईक होतं, शेजारच्या मिसेस टॅन. इथे कपडे वाळत घालायचे म्हणजे बांबूला ओवून बांबू खिडकीबाहेर खोचायचे, आणि पाऊस आला की अकराव्या मजल्यावरून ओले बांबू आत ओढत बसायचं. मिसेस टॅन सकाळी दारातूनच ओरडायच्या, "विद्या, टुडे रेन ऑर नॉट?" ही हातातली पोळी तव्यावर टाकून खिडकीशी जायची, ढग बघायची, पश्चिमेकडे बघायची आणि सांगायची, "आफ्टर टू ओ'क्लॉक, आंटी. चादरी नको." 'चादरी नको' हे मिसेस टॅनना मराठीतच कळायला लागलं होतं. मी चेष्टा करायचे की तुझं हवामान खातं आता चादरींपुरतं उरलं. ती म्हणायची, "वन्सं, चादर वाळली की नाही हे लगेच कळतं. पुण्यात माझा अंदाज बरोबर आला की चूक, हे कुणी सांगायलाही येत नव्हतं." एरवी मी सुनंदाताई. भांडायचं असलं की वन्सं.

मग बुओना व्हिस्टाला एका डॅनिश कंपनीचं छोटं ऑफिस उघडलं. जाहिरात शेखरनेच पाहिली, हे त्याच्या नावावर जमा करायला हवं. डेन्मार्कमध्ये पवनचक्क्या भराभर वाढल्या होत्या आणि उद्या वारा किती, म्हणजे वीज किती, हे आदल्या दिवशीच सांगावं लागायचं. आमची दुपार म्हणजे त्यांची सकाळ. तिकडची माणसं ऑफिसात येऊन कॉफीचा पहिला घोट घेईपर्यंत अंदाज टेबलावर तयार हवा, म्हणून सिंगापुरात बसून कुणीतरी तो करायचा. मी म्हटलं, "म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायच्या." विद्या म्हणाली, "शेळ्या तिकडे आहेत ताई, पण त्या कुठे जाणार ते उंटावरूनच जास्त चांगलं दिसतं." मुलाखतीहून परत आली ती एलआरटी स्टेशनवरून चालत नाही, जवळजवळ पळत आली होती. त्या संध्याकाळी तिने श्रीखंड केलं आणि साखरेऐवजी मीठ घातलं. आम्ही सगळ्यांनी ते मुकाट्याने खाल्लं.

मला त्यातलं शास्त्र कळत नसे, पण तिची समजावून सांगायची रीत चांगली होती. पाव्हणे किती येणार हे माहीत नसताना भात किती टाकायचा, हा तिचा रोजचा प्रश्न. वारा जास्त आला तर वीज जास्त, ती शेजारच्या नॉर्वेला द्यायची. नॉर्वे तेवढं आपलं धरणाचं पाणी राखून ठेवणार. वारा पडला की नॉर्वे ते पाणी सोडून वीज पाठवणार. "शेजारणीकडे वाटी घेऊन जायचं असलं तरी आधी सांगून गेलेलं बरं," असं ती म्हणायची. तिकडच्या खेड्यांत पूर्वी गावकऱ्यांनीच भागीदारीत एखादी पवनचक्की उभी केलेली असे, गोठ्यामागे नाहीतर बटाट्याच्या शेतात, आणि सकाळी उठून लोक आपली चक्की फिरते का ते बघत. हे तिला कोण आवडायचं. मग चक्क्या मोठ्या झाल्या आणि समुद्रात जाऊन उभ्या राहिल्या. तिकडचं सरकार आधीच बदललं होतं, त्याचा परिणाम आता दिसायला लागला आणि काही वर्षं नव्या चक्क्या फारशा लागेनात, जुन्या लहान उतरवून त्या जागी थोड्या पण मोठ्या उभ्या करायचं तेवढं चालू होतं. त्या वर्षांत बुओना व्हिस्टाच्या ऑफिसातली माणसं कमी झाली आणि विद्याचा जीव टांगणीला लागला. डेन्मार्कच्या निवडणुकीचा निकाल बघत बसलेली दुसरी मराठी बाई सिंगापुरात असेल असं मला वाटत नाही.

पण त्याच्या आधीच, नोकरी पक्की व्हायची होती तेव्हाच, तिच्या हातून एक घोळ झाला. आपल्यासारख्यांच्याच हातून व्हावा असा. युरोपात मार्च संपता संपता सगळी घड्याळं एक तास पुढे करतात. हे आपण ऐकलेलं असतं, पण आपल्या हाडात नसतं. आपल्याकडे घड्याळ मागे पडलं तर पुढे करायचं, बरोबर चालणारं घड्याळ कुणी हलवत नाही. इथल्या ऑफिसात हे ध्यानात ठेवणारा डॅनिश माणूस सुट्टीवर गेलेला. विद्याने नेहमीप्रमाणे आपल्या वेळेतून सात तास वजा करून तक्ता पाठवला. त्या दिवसापासून सहा करायचे होते. म्हणजे वारा जेव्हा पडणार होता, त्याच्या तासभर आधीच तो पडेल असं तिकडे कागदावर गेलं, आणि वारा चांगला वाहत असताना त्यांनी नॉर्वेची वीज घेऊन ठेवली.

चूक तिची तिलाच सापडली, मंगळवारी, माझ्या घरी. ईराला पोहायला घेऊन ती ईस्ट कोस्टला आमच्याकडे आली होती. डबा उघडता उघडता एकदम थांबली आणि पांढरीफटक पडली. "ताई, त्यांची घड्याळं," म्हणाली. मला आधी काही कळेना. मग तिने सांगितलं, आणि मी म्हटलं, अजून कुणी बोललेलं नाही ना, उद्या बघ. ती म्हणाली, "उद्याचा तक्ताही चुकीचाच गेलाय." माझ्याच फोनवरून तिने डेन्मार्कला हेन्रिकला फोन लावला. हा तिकडचा तिचा साहेब, तोवर नुसता आवाज. ती सरळ म्हणाली की वारा मी बरोबर सांगितला, घड्याळ माझं चुकलं, आमच्या देशात घड्याळं हलत नाहीत, पण ते माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी समोर बसून तिचा चेहरा बघत होते. मग ती हसली, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. फोन ठेवून म्हणाली, "ताई, तो शेतकऱ्याचा मुलगा आहे. म्हणतो, आमच्या गाईंनाही हे दर वर्षी नव्याने समजावून सांगावं लागतं. वारा चुकला असता तर मी काळजी केली असती." नोकरी राहिली. घड्याळाच्या बाबतीत मात्र तिने कानाला खडा लावला. मार्च उजाडला की मीच तिला विचारायचे, "काय गं, गाईंना सांगितलंस का?"

पुढे एकदा कंपनीने तिला आठवडाभर तिकडे नेलं. इतकी वर्षं ज्यांचा वारा वाचला त्या चक्क्या तिने तेव्हा पहिल्यांदा पाहिल्या. पश्चिम किनाऱ्यावरून तिने मला फोन केला, मागे नुसता घोंघाट. मी ओरडून विचारलं, "कशा दिसतात गं?" तीही ओरडून म्हणाली, "पंगतीत वाढपी कुठून येतोय ते सगळे एकदम बघतात ना, तशा! सगळ्यांची तोंडं एकीकडे!" परत आली ती वेगळीच होऊन. बोलण्यात कुठे फुशारकी नाही, पण चालण्यात काहीतरी आलं होतं. मला ते फार आवडलं होतं आणि मी ते तिला सांगितलंही होतं.

आणि मग खरा पेच आला. दशक सरत आलं होतं. डेन्मार्कने समुद्रात पुन्हा चक्क्या उभारायला घेतल्या, काम वाढलं, आणि कंपनीने ठरवलं की सिंगापूरचं ऑफिस बंद करून सगळं तिकडेच आणायचं. विद्याला बोलावलं होतं. सगळ्या अंदाजांची जबाबदारी तिच्याकडे. गेली नाही तर काम संपलं. इकडे शेखरचं बस्तान उत्तम बसलेलं, ईरा शाळेत रमलेली. तिने तर इथल्या मुलांच्या लकबीत जाहीरच केलं, "आय'म नॉट गोइंग, आत्या. माय फ्रेंड्स ऑल हिअर लाह." दिवाळीच्या फराळाला सगळे माझ्याकडे जमले होते. शेखर चकली मोडत म्हणाला, "जा म्हणायला सोपं आहे. तिकडे जाऊन माझं काय होणार?" विद्या चहा गाळत होती. गाळणं खाली न ठेवताच ती म्हणाली, "इथे येऊन माझं झालं तेच."

ती चिडून बोलली नव्हती, वर्षानुवर्षं माहीत असलेली गोष्ट सांगावी तसं सांगितलं होतं. शेखरचा चेहरा मला अजून दिसतो. तो काही वाईट माणूस नाही, उलट नाकासमोर चालणारा. पण तिने आपल्या मागे येताना काही सोडलं होतं, हे त्याने कधी मोजलंच नव्हतं. आमची आई असती तर तिने काय सल्ला दिला असता ते मला पाठ आहे. मी मात्र त्याला म्हटलं, "शेखर, हिने दोन वर्षं मिसेस टॅनच्या चादरी सांभाळल्या. तू जाऊन एखाद्या डॅनिश बाईच्या सांभाळ. सवय होते." विद्या हसली. तो नाही हसला. चहा घेऊन तिघं लवकरच निघाली.

त्यानंतर काही आठवडे मी फोनवर तो विषय काढला नाही, हा माझ्या आयुष्यातला संयमाचा उच्चांक. डिसेंबरात आमच्या ईस्ट कोस्टला जरा बरा वारा सुटतो, पार्कात पतंग दिसायला लागतात. एका रविवारी ती दोघं पार्कात फिरायला गेली, ईरा माझ्याकडे. दोन तासांनी आली तर शेखरच्या सगळ्या केसांचं टोपलं झालेलं. सोफ्यावर बसून बूट सोडत त्याने विचारलं, "ताई, तिकडे मराठी माणसं असतील का गं?" त्याच्या मागे उभ्या असलेल्या विद्याने मला डोळ्यांनीच दटावलं की आता तोंड उघडू नकोस. मी म्हटलं, नसली तर तू गेलास की एक तरी होईल. स्वयंपाकघरात कप विसळताना तिने मला सांगितलं, त्याचे शब्द जसेच्या तसे. "या खेपेला मी तुझ्या मागे येतो." मग नळ चालूच ठेवून ती उभी राहिली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. आम्हा नणंद-भावजयांत असलं काही फारसं होत नसे.

नवीन वर्ष लागलं आणि तिची पाठ दुखायला लागली. बांधाबांधीचा ताण असेल म्हणून आधी दुर्लक्ष केलं. मग तपासण्या झाल्या... स्वादुपिंडाचा कॅन्सर, आणि पसरलेला. हेन्रिकने ऑफिस बंद केलं पण हिचं काम चालू ठेवलं. बुकित पंजांगच्या बैठकीत, मांडीवर लॅपटॉप घेऊन, बसवत होतं तोवर ती समुद्रातल्या त्या नव्या चक्क्यांचा वारा सांगत राहिली. ती कधीही पाहणार नव्हती अशा चक्क्यांचा. केमोच्या दुसऱ्या दिवशी मी रागावले तेव्हा म्हणाली, "वन्सं, हे बंद केलं तर मी नुसती आजारी उरेन." मधूनच ती शेखरला विचारायची, "आपण जायचंय ना रे?" तो म्हणायचा, "जायचंय." दोघांनाही ठाऊक होतं. तरी तो दर वेळी तेच म्हणायचा, आणि आवाज न हलवता म्हणायचा. माझ्या भावाचा मला इतका अभिमान त्याआधी कधी वाटला नव्हता.

दिवस-वार झाले. गेल्या आठवड्यात मी आवराआवरीला त्यांच्याकडे गेले. साड्या वेगळ्या केल्या, औषधं काढून टाकली. इथल्या फ्लॅटमध्ये जाड भिंतींची एक खोली असते, युद्ध झालं तर लपायला म्हणून बांधलेली, आणि प्रत्यक्षात तिच्यात सगळेजण सुटकेसेस आणि जुने पंखे ठेवतात. तिथे प्लॅस्टिकच्या पिशव्यांत तीन कोट टांगलेले दिसले. चांगले जाडजूड, बर्फातले. जायचं ठरल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात तिघांनी जाऊन घेतलेले. इथल्या दमट हवेत लोकरीला बुरशी धरते, पण या कोटांना कसलाही वास नव्हता. शेखर दर रविवारी ते काढून पंख्यासमोर ठेवतो, असं ईरा म्हणाली. मी त्याला म्हटलं, "अरे, हे आता कुणी जाणारं असेल त्याला देऊन टाकू या." त्याने विद्याचा कोट माझ्या हातातून घेतला, परत खुंटीला लावला आणि म्हणाला, "आम्ही जातोय ताई. डिसेंबरच्या सुट्टीत. दोन आठवडे." मी विचारलं, "आता कशाला रे?" माझ्याकडे न बघता तो पिशवीची झिप लावत राहिला. "मी तिच्या मागे यायचं कबूल केलं होतं."

काल संध्याकाळी त्यांना सोडायला मी चांगीला गेले. शेखरने आपला कोट हातावर घेतला होता. ईराचा स्वतःचा कोट सामानात गेलेला, आणि अंगात आईचा. बाह्या बोटांच्याही खाली लोंबत होत्या आणि कपाळावर घाम डवरला होता. "सो हॉट लाह, आत्या," ती म्हणाली. मी म्हटलं, "काढ मग आत्ता, तिकडे उतरल्यावर घाल." तिने मान हलवली, बटण गळ्यापर्यंत लावलं आणि बाबाच्या मागोमाग आत गेली.